करंगळी टेकवून

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्तीचे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला तिथवर ढकलत नेलं तिनं. ती स्वतः सातवी शिकलेली. दहावीनंतर वडील मला घरच्या कामाला लावणार होते, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "दादा, माती मळाय मी हाय की. त्येला जाऊ दे कालेजात."

गडहिंग्लजला आमचा गणपतीच्या मूर्ती करायचा पिढीजात धंदा. आत्तीकडं आखणी असे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. सगळा रंग झाल्यावर, अगदी शेवटी. करंगळी गणपतीच्या गालावर टेकवायची, श्वास धरायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. गिऱ्हाईक आधी डोळे बघायचं, मग मूर्ती.

आत्तीला मनाचा आजार होता. लग्नानंतर वर्षभरात तो उफाळला आणि सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. कधी महिना-महिना ती अंथरुणातून उठत नसे, कधी आठवडाभर झोपत नसे आणि सारखी बोलत राही. कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती सावरली. गल्लीत मात्र लोक म्हणत, "डोस्कं फिरलंय म्हणून तर हातात देव हाय." खरं सांगायचं तर आम्हांला ते ऐकायला बरं वाटायचं.

मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. श्रावणात घरी गेलो, तर आत्तीचा हात थरथरत होता. रेघ फाटायची आणि वडील ती पुसून घ्यायचे. एका जुन्या गिऱ्हाइकानं मूर्ती उचलली, निरखली आणि खाली ठेवत वडिलांना विचारलं, "काय हो मामा, यंदा बाप्पाला झोप लागलीया काय?" सगळे हसले, आत्तीही हसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्या काळात मी ग्रंथालयात कलावंत आणि वेड यांविषयी मिळेल ते वाचत होतो. एक सर वर्गात म्हणाले होते की कला वेदनेतूनच येते. मला ते आत्तीचंच वर्णन वाटलं. गोळ्यांनी तिच्यातली कला मारली, असं मी ठरवून टाकलं आणि तिला म्हणालो, "आत्ती, चतुर्थीपतोर गोळ्या बंद ठेव. हात पयल्यासारखा हुईल."

"डॉक्टर रागवत्याल की रं."

"त्यास्नी आखणीतलं काय कळतंय?"

"तू शिकलाईस. तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या कुणाचं तिनं ऐकलं नसतं.

आठवड्याभरात हात स्थिर झाला. रेघा अशा आल्या की वडील हातातलं काम टाकून बघत बसले. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग तिचं जेवण सुटलं, झोप सुटली. करंगळी न टेकवताच ती झरझर डोळे काढू लागली. पिठाच्या डब्यावर डोळे, रांजणावर डोळे, रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तींवर डोळे. एका सकाळी पाहतो तर लोकांनी ठरवून ठेवलेल्या मूर्तींवरही तिनं डोळ्यांवर डोळे काढले होते.

"सगळी माझ्याकडंच बघत्यात रं," ती रडत म्हणाली. "दुसरीकडं बघाय लावतोय त्यास्नी."

जीपनं तिला कोल्हापूरला नेलं. वाटभर तिनं माझा हात सोडला नाही. डॉक्टरांना मीच सारं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गोळ्यांनी हात थरथरतो हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? त्यावर उपाय करता येतो." आम्ही दर महिन्याला त्यांच्यापुढं जाऊन बसत होतो. थरथर म्हणजे बरं होण्याबरोबर येणारच, असं समजून गप्प राहत होतो.

आत्ती सावरेपर्यंत दिवाळी आली. मी माफी मागितली, आणि न राहवून त्या आठवड्यातल्या डोळ्यांचं कौतुकही केलं.

"ती डोळं माझी न्हवती," ती म्हणाली. "तवा मी थांबतच न्हवतो. डोळं काढायचं म्हंजी थांबाय लागतंय."

आजाराचा आणि कलेचा काही संबंध नसतोच, असं मी म्हणणार नाही. माणसाच्या नजरेतलं जे तिला दिसतं ते मला दिसत नाही, आणि ते तिच्या सोसण्यातून आलं असेल. पण रेघ यायची ती तिच्या बऱ्या दिवसांत.

आता मी गगनबावड्याजवळच्या एका शाळेत शिकवतो. पावसाळ्यात इथं फोन लागत नाही. गेल्या आठवड्यात वडिलांची चिठ्ठी आली: हात पुन्हा हलतोय, गोळी सोडू काय, असं ती तुला विचारायला सांगते. त्याच दिवशी मी तिला पत्र टाकलं.

"आत्ती, पाया पडतो.

मागं तू न विचारता मी सांगितलं, आणि शिकलेला म्हणून तू ऐकलंस. ते माझं चुकलं. या वेळी तू विचारलंस हे फार बरं केलंस. गोळी सोडू नको. बाबांबरोबर कोल्हापूरला जा, आणि जाताना कुंचला घेऊन जा. हात कसा हलतो ते डॉक्टरांना तो धरून दाखव. लाजू नको.

आखणी जमेल तेवढीच कर. बाकीची बाबा करतील. बाप्पा थोडा झोपेत दिसला तर दिसू दे. आपल्या घरच्या मूर्तीचे डोळे मात्र तुझ्याच हातचे हवेत. रेघ हलली तरी बाबांना पुसू देऊ नको.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं येतो. तोवर ती मूर्ती तशीच ठेव. मी धरून बसतो, तू करंगळी टेकव."