पाहुण्यांचा अंगठा

ब्रेक, दिवा, हॉर्न. या क्रमानं तपासल्याशिवाय मिस्त्री मोटरसायकल कुणाच्या हाती देत नसत. बावीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला.

त्यांचं गॅरेज चौकाला लागून होतं, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. चार जुन्या मोटरसायकली ते परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देत. बहुतेक पाहुणे पहिल्या दिवशी चौकापर्यंत जात आणि पांढरेफटक होऊन परत येत. चौकात सिग्नल होता, पण तो कावळ्यांना बसण्यापुरता.

यंदाचे पाहुणे मात्र टिकले. एकटेच आलेले, साठी उलटलेली. आपल्या देशात एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. इतक्या वर्षांत कुणाला ओरखडा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. सांगताना दोन्ही पंजे पुढं धरले, जणू साक्षीदार उभे केले.

खोट एकच. ते हॉर्न वाजवत नसत. त्यांच्याकडे हॉर्न मारणं म्हणजे शिवी देणं. मिस्त्रींनी परोपरीनं समजावलं, की इथं ती शिवी नाही. मी आलोय, सांभाळा, एवढंच हॉर्नचं म्हणणं. पाहुणे मान डोलवत आणि पुन्हा हातगाडीमागं मुकाट थांबत. शेजारचा चहावाला म्हणायचा, यांना हॉर्न काढून सायकलची घंटा बसवा, तीही वाजवायचे नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दूधवाला घाईघाईनं आला. त्याचा हॉर्न जळाला होता. पहाटे ट्रकांच्या गर्दीतून जायचं होतं आणि सुट्या भागांची दुकानं त्या दिवशी बंद. पाहुण्यांची गाडी ऑइल बदलायला आलेलीच होती. मिस्त्रींनी तिचा हॉर्न सोडवला आणि दूधवाल्याच्या गाडीला जोडला. उद्या दुकान उघडलं की नवा आणून बसवू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे लवकर आले. मिस्त्री आंघोळीला गेले होते. बायकोनं किल्ली दिली. मिस्त्री बाहेर आले तेव्हा गाडीच्या जागी ऑइलचा डाग होता. फळीवर फोन होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस हॉर्न वाजवला नाही, आजच कशाला वाजवतील? मग त्यांनी चहा घेतला.

दहाच्या सुमाराला पाहुण्यांनी हॉर्न दाबला.

चौकाच्या कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहत. कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून, पाठमोऱ्या, त्या उभ्या टेम्पोच्या आडून रस्त्यात आल्या. एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला बस. पाहुण्यांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली, ताई पडल्या. उजवं मनगट मोडलं. पाहुण्यांचं कोपर सोलवटलं.

गाडी टेम्पोतून गॅरेजवर आली. दुपारी हवालदार पाहायला येणार होते. मिस्त्री दुकानातून नवा हॉर्न घेऊन आले, गाडीपाशी बसले आणि तो बसवला. बोल्ट आवळताना पाना दोनदा निसटला.

हवालदारांनी ब्रेक पाहिला. मग बटण दाबलं. हॉर्न खणखणीत वाजला.

कोपराला पट्टी बांधलेले पाहुणे दचकले. त्यांनी पुढं होऊन स्वतः दाबला. वाजला. पुन्हा दाबला. पुन्हा वाजला. मग ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मी दाबला," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. मी दाबला नाही. मला वाटलं, दाबला."

हवालदारांनी मिस्त्रींना विचारलं, गाडीत काही बिघाड? मिस्त्री म्हणाले, "वाजतोय ना, साहेब."

खोटं एक अक्षर नव्हतं. पाहुण्यांनी जबाबाखाली सही केली.

त्या दिवसापासून पाहुणे रोज ताईंकडे चालत जाऊ लागले. सुया ओवत, बटणं निवडत, ताई सांगतील तशी कात्री चालवत. मिस्त्री एकदा डबा घेऊन गेले, तेव्हा ताईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, नुसतं पीं केलं असतं, तरी मी मागं झाले असते. पण या देवमाणसाला ते यायचं नाही. रागवू तरी कुणावर?"

पाहुणे खाली मान घालून काज करत होते. टाके वाकडे पडत होते. ताई ते गुपचूप उसवून ठेवत, हे मिस्त्रींनी पाहिलं. डबा ठेवून ते निघाले.

घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. किल्ली तिनंच दिली होती. पाचव्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली, "हॉर्नची वायर जोडलीत. जिभेची कधी जोडणार?" मिस्त्री म्हणाले, गॅरेजचं नाव जाईल, एकही पाहुणा पायरी चढणार नाही. ती म्हणाली, "आणि हे पायरी चढून आले, त्यांच्या नावाचं काय?" मिस्त्रींनी घास तसाच ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी पाहुणे गॅरेजवर आले. गाडी मधल्या स्टँडवर चढवा म्हणाले. वर बसले, हँडल धरलं, डोळे मिटले. हॉर्न. थांबले. पुन्हा हॉर्न. चहावाला बाहेर येऊन बघू लागला आणि कुणालाही न हसता आत गेला.

मिस्त्रींनी विचारलं, हे काय?

पाहुण्यांनी शब्द जुळवत सांगितलं. मुलीला कळवलंय, आता गाडी चालवणार नाही. नातीलाही शाळेत सोडणार नाही. पण अंगठा का चुकला, ते कळायला हवं. "एकतीस वर्षं," ते म्हणाले. "हा माझा हात. आता मला माहीत नाही, कुणाचा."

त्यांनी पुन्हा हॉर्न दाबला.

मिस्त्री उठले. गाडीच्या पुढं उकिडवे बसले. हात आत घालून त्यांनी वायर खेचली.

"आता दाबा."

पाहुण्यांनी दाबला. आवाज आला नाही. त्यांनी डोळे उघडले.

"त्या दिवशी असाच होता," मिस्त्री म्हणाले. "मी काढला होता. नंतर मीच बसवला. तुम्ही दाबलात. तुमचा अंगठा बरोबर होता."

पाहुण्यांनी आणखी दोनदा दाबला. मुक्या बटणाची टकटक तेवढी ऐकू आली. मिस्त्री उकिडवेच होते. एखादी थप्पड, एखादी शिवी, काहीही चाललं असतं.

पाहुणे खाली उतरले.

"पंधरा दिवस," ते म्हणाले.

तेवढंच. मग त्यांनी चौकाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, जिथं ताईंची खिडकी होती.

मिस्त्रींच्या हाताला काळं लागलं होतं. धुऊन येतो म्हणून ते आत वळले. दारात बायको पाण्याची घागर घेऊन उभीच होती.