रिलीव्ह कधी करतील?

माझी बदली झाली तेव्हा बाबांचा कॅन्सर हाडांत पसरल्याचं कळून तीन महिने झाले होते. मी उमरखेड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते आणि माय-बाबा घाटंजीला. त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून बदलीचा अर्ज मीच केला होता. घाटंजीचा आदेश आला त्या दिवशी मी पेढे वाटले. डॉक्टरसाहेबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन, सिस्टर. पण तुमच्या जागेवर कोणी आल्याशिवाय मी तुम्हाला रिलीव्ह करू शकत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही दोघीच नर्स, त्यात दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. मी निघून गेले असते तर तिथल्या बायकांची बाळंतपणं कोणी केली असती?

'रिलीव्ह' हा शब्द आमच्या कामात रोजचा. ड्यूटीची पाळी संपली तरी रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आली नाही तर घरी जाता येत नाही. दुखणाऱ्या पेशंटला इंजेक्शन दिलं की 'रिलीफ वाटतो का?' विचारायचं. सरकारी कागदावर त्याचंच 'कार्यमुक्त' होतं. चौदा वर्षं मी तो शब्द वापरला, पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही.

पाहिलं ते बाबांनी. बाबा एसटीत कंडक्टर होते. सातवीनंतर शाळा सुटली, पण इंग्रजीचा नाद सुटला नाही. नोकरीत असेपर्यंत पेटीत तिकिटांसोबत एक छोटी डिक्शनरी असायची. आता ती उशाशी होती. रोज संध्याकाळी मी फोन केला की ते विचारायचे, "काय म्हनते तुहं ऑफिस?"

"अजून रिलीव्ह नाही केलं, बाबा."

असं महिनाभर चाललं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरी, मी तो शब्द काढून पायला. एकाच शब्दाचे लय अर्थ हायेत. दुखणं हलकं करणं. मदत पोचवणं. नोकरीतून मोकळं करणं. आन् एक हाय, पहाऱ्यावरच्या मानसाले सोडवून त्याच्या जागी आपण उभं राहणं."

"मला मोकळं व्हायचं तर आधी माझ्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं. मला दोन्ही अर्थ लागतात, बाबा."

"तुहं होईन आज ना उद्या. पण इथं पहारा तुही माय देऊन राह्यली. तिच्या जागी कोन उभं राहीन?"

रोज मी बाबांचं दुखणं विचारायचे, गोळ्या विचारायचे. माय कशी आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

शेजारच्या केंद्रातल्या नर्सला चार दिवस सांभाळायला सांगितलं आणि रजा टाकून निघाले. पुसद, दिग्रस, आर्णी करत घाटंजीला पोचायला दिवस गेला. मायनं दार उघडलं. मनगटाला फडकं बांधलेलं. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवावं लागायचं, त्यात मुरगळलं होतं म्हणे, पंधरा दिवसांपूर्वी. फोनवर ती काही बोलली नव्हती.

मी तिला म्हटलं, "दोन दिवस कळंबला मावशीकडे जा. झोप काढ."

"मी कायले जाऊ? मी काही थकली नाही."

"जाय ना," बाबा खाटेवरून म्हणाले. "पोरगी नर्स हाय. मले काही होत नाही."

शेवटी ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं परत आली. पिशवीतल्या लुगड्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती. मला रागच आला. "अगं, कोणी सोडवायला आलं तर तुला सुटता का येत नाही?"

ती बाबांच्या पायाशी बसत म्हणाली, "तुले पाळ्या असतेत, बाई. मले कुठं हायेत?"

मी परत उमरखेडला गेले. आणखी एक महिना गेला आणि मग माझ्या जागेवरची नर्स आली. भंडाऱ्याकडची, कडेवर सात महिन्यांचं बाळ, सोबत सासू. तिनं ही बदली मागितली नव्हती. नवरा तिकडेच राहिला होता. मी तिला कपाटांच्या किल्ल्या दिल्या, लसींचा फ्रीज दाखवला, पाणी कुठून भरायचं ते सांगितलं. ती ऐकता ऐकता रडायला लागली. मी तिच्या बाळाला घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. मोकळी झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो काही झाला नाही. मग सही केली आणि कार्यमुक्तीचा कागद घेतला. बसमध्ये अशी झोपले की आर्णीला कंडक्टरनं हलवून उठवलं.

बाबांनी तो कागद बोट ठेवून वाचला. "मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे. दुपारून सोडलं, असं सरळ लिवाले काय होते यायले?" आम्ही तिघंही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

त्यानंतर बाबा पाच आठवडे होते. मी ड्यूटीवरून आले की त्यांना पुसायची, वळवायची. माय मात्र तिथंच बसून राहायची. एका सकाळी ती त्यांना चमच्यानं पेज पाजत असताना त्यांनी मान टाकली.

बुद्धाचं त्रिशरण म्हणत त्यांना माती दिली. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "सुटले बिचारे." माय ऐकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्हीबी सुटल्या, माय."

"मी कायची सुटली?" माय एकदम म्हणाली. "मले कोनं बांधलं होतं?"

त्या बाईनं हात मागे घेतला. मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. मी चहाचे कप उचलून आत गेले.

पुढे आठवडाभर माय दर दोन तासांनी उठून रिकाम्या खाटेपर्यंत जायची आणि परत यायची. मग एका दुपारी ड्यूटीवरून आले तर ती फरशीवरच, तोंडावर पदर घेऊन, गाढ झोपलेली. चपला हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ धुतले. कुकरची शिट्टी झाली असती, म्हणून भात पातेल्यातच शिजायला ठेवला.