मान सरळ

माझी थोरली बहीण बाजारहत्नूरहून पहिल्या बसनं आदिलाबादच्या दवाखान्यात आली, ती औषध घेऊनच. माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या मेंदूला सूज आली होती. झटके थांबले होते, पण ती डोळे उघडत नव्हती. "काऊन रडून राह्यला रे?" असं मला दटावत बहिणीनं पिशवीतून कसलासा पाला काढला.

"हा ठेचून टाळूवर बांधायचा. आमच्या शेजारचं पोट्टं यानंच उठून बसलं."

"पुरावा काय?" मी जैनथच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रश्न सदा माझ्या तोंडात.

"पोट्टं जितं हाये, बकऱ्या चारून राह्यलं! अजून काय पाह्यजे तुले?"

"अगं, पाला बांधूनही ज्यांची पोरं गेली, ते तुला सांगायला येतात का?"

 तिनं पाला पदराखाली सारला.

मग डॉक्टरीणबाई आल्या. तेलुगू, पण मराठी झकास बोलायच्या. सूज उतरवायला दोन औषधं आहेत, म्हणाल्या. एक साखरेच्या जातीचं, दुसरं चांगलंच खारट पाणी. दोन्ही शिरेतून द्यायची.

"कोणत्यानं जास्त पोरं वाचतात?" मी विचारलं. "पुरावा काय?"

"सूज दोन्हींनी उतरते, सर. पण जास्त पोरं कशानं वाचतात, हे खात्रीनं सांगण्याइतका अभ्यास अजून झालेला नाही. हिचं बीपी कमी आहे. पहिल्या औषधानं लघवी फार होते, बीपी आणखी उतरेल. म्हणून मी खारट पाणी देते."

असा संताप आला मला! जन्मभर पोरांना पुरावा मागायला शिकवलं, आणि त्या घडीला वाटत होतं, खोटं बोला बाई, पण वाचेल म्हणा. त्या गेल्यावर मी बहिणीपाशी चरफडलो.

"माईत नाई ते माईत नाई म्हणते," बहीण म्हणाली. "मले तं हीच बरी वाटते." आणि पदराखालचा पाला तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकला.

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे एकच काम दिलं होतं. खाट डोक्याकडून उंच, आणि मान सरळ, म्हणजे डोक्यातलं रक्त नीट खाली उतरतं. ऐकायला सोपं! पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवणारच. "पाह्य माय, कोण आलं!" सगळ्यात आधी माझ्या बहिणीनंच वळवलं, आणि नर्सची बोलणी खाल्ली. तेव्हापासून बहीणच पोलीस झाली. माझ्या सासऱ्यांचासुद्धा हात तिनं झटकला. स्वतःला पोरीचं तोंड पाहावंसं वाटलं की खाटेवर ओणवी होऊन वरून पाहायची. कंबर धरून कण्हायची, पुन्हा ओणवी व्हायची. तेव्हा तिच्याबद्दल इतकी माया वाटली मला, की तिच्यावर खेकसायचंही सुचेना.

एका सकाळी पोरीनं डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, आणि बाजूला उभ्या आत्याकडे हळूच मान वळवली.

बहिणीला हुंदका फुटला. पण रडत रडतच दोन्ही हातांनी तिनं ते तोंड पुन्हा सरळ केलं. "वर पाह्य, माय. डॉक्टरीण वरडते."

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"आता वळवू द्या हो आत्या," त्या म्हणाल्या. "पाहू द्या तिला तुमच्याकडे."