बावणे सरांचा रशर

आयुष्यभर मार खाल्लेला माणूस शेवटी शुगरनं मेला.

मले हे पटूनच नाही राहिलं.

आमचे बावणे सर. कन्हानचे. इंडियाकडून हॉकी खेळलेले. आज सकाळी गेले. माझ्या लहान भावाचा, बंटीचा फोन आला तेव्हा मी इकडे दूर गांधीधामला गोदामात ट्रकमधून लाकूड उतरवत होतो.

ज्यांना हॉकी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नरला समोरचा माणूस डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या, टोकावरून गोलात बॉल मारतो. दगडासारखा बॉल. आणि आपला एक जण गोलमधून सुटून सरळ त्याच्या अंगावर धावतो. अंगावर घ्यायला. त्याला रशर म्हणतात.

सर इंडियाचे रशर होते.

शर्ट काढला की कळायचं. बरगडीवर खड्डा. मांडीवर काळा डाग, कधीच न गेलेला. उजवा गुडघा वाकडा. त्याच गुडघ्यानं त्यांचं खेळणं संपवलं.

मग आम्हा पोरांचे कोच झाले. खरं सांगतो, सुरुवातीला एकदम खराब कोच होते.

सांगता यायचंच नाही. नुसते ओरडायचे, "पाह्य!" आणि स्वतः करून दाखवायचे. आम्हाला जमलं नाही की पुढचा बॉल सरळ नडगीवर.

"मले जमते, तुले काहून नाही जमत बे?"

एक दिवस बंटी नडगी धरून खाली बसला अन् म्हणाला, "सर, तुम्ही इंडिया आहा. आम्ही कन्हान आहो."

आम्हाला वाटलं, बंटी गेला आता.

सर हसले. एवढे हसले की त्यांनाही खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चुना घेऊन आले. आमच्या मैदानावरच्या कोळशाच्या धुळीत नवीन डी आखली. आमच्यासोबत चालत चालत शिकवलं, पाय कुठं, वजन कुठं, कंबर किती वाकवायची. त्या दिवशी सर कोच झाले. तोपर्यंत फक्त प्लेअर होते.

इंडियाचा ब्लेझर त्यांनी स्कूटरच्या सीटवर चढवला होता. कोणी बोललं तर म्हणायचे, "बसाले नरम आहे गा."

रशर कोणाला करायचं, हे ते कसं ठरवायचे माहीत आहे? जो जास्त भांडतो त्याला.

मी शाळा सोडून दिलेली. दिवसभर कोणाला तरी ठोकायचं, नाहीतर ठोकून घ्यायचं. सरांनी पाहिलं अन् म्हणाले, "लई खाज आहे ना अंगात? धाव बॉलवर."

धावताना काय, तर स्टिक खाली. डोळे उघडे.

आणि बॉल डीच्या बाहेर गेला की कॉर्नर संपला. "त्याच्यानंतर कोणाले हात लावला तर फाउल तुहा." रोज हेच. रोज.

मग ती मॅच झाली. समोरच्या टीमच्या एकानं बंटीच्या तोंडावर मुद्दाम स्टिक घातली. बंटीचे दात मातीत पडले. मी त्याच्यावर उडी घेतली, दिसेल तिथं मारलं. मॅच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी आमची प्रॅक्टिस सुरू होती. तोच पोरगा दोस्त घेऊन आला. हातात लोखंडी रॉड.

"कहाँ है तुम्हारा रशर? बाहर निकाल!"

आम्ही सगळ्यांनी स्टिका उचलल्या. सगळ्यात आधी मी.

पण माझ्या आधी सर सुटले.

त्या वाकड्या गुडघ्यानं. गोलच्या लाइनवरून सरळ. हात खाली, डोळे उघडे. जसं काही पेनल्टी कॉर्नरच मिळाला.

रॉड त्यांच्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाभळीची वाळलेली फांदी मोडावी तसा. सर थांबले नाहीत. त्या पोराच्या छातीत डोकं घालून त्याला आडवा केला आणि वर पडले. रॉड दूर जाऊन पडला. त्याचे दोस्त गाड्यांकडे पळाले.

मी पोचलो. तो खाली, सर त्याच्यावर. त्याचं डोकं मोकळं. माझी स्टिक दोन्ही हातांनी वर.

डोळ्यासमोर बंटीचे दात.

मी मारणार होतो. तो मेला असता.

सरांच्या तोंडात रक्त, तरी ओरडले, "व्हिसल झाली बे! बॉल डीच्या बाहेर गेला! कॉर्नर संपला!"

आणि माझे हात थांबले.

मी नाही थांबवले. हातांनाच ते माहीत होतं.

तो पोरगा उठून रडत पळाला. सर तिथंच पडून मला म्हणाले, "आता मले उचल. अन् ते स्टिक खाली घे पहिले, डोळ्यात जाईन कोणाच्या."

त्यांचा तो हात नंतर कधीच डोक्याच्या वर गेला नाही. मी मात्र जेलमध्ये नाही. इथं आहे. कमावून खाऊन राहिलो.

आज सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणे, "कौन मरा? बाप?"

म्हटलं, "कोच."

तो हसला. "कोच के लिए छुट्टी?"

माझ्या हातात सागाची फळी होती. कधी वर गेली मला कळलं नाही. त्याचं हसणं बंद झालं.

तो मागं सरकला. भिंतीला टेकला.

कॉर्नर संपला होता.

मी फळी खाली ठेवली. हळूच, आवाज न करता.

तो म्हणाला, "जा. जा तू."

आता स्टेशनवर बसून हे लिहून राहिलो. पोचणार नाही, माहीत आहे. संध्याकाळी सरांना कन्हानच्या घाटावर नेतील. बंटीला म्हटलं, ब्लेझर घाल त्यांच्या अंगावर. तो म्हणे, स्कूटरवरून काढला, धुवायला वेळ नव्हता, तसाच घातला.

बरं केलं.

सर, स्टिक खाली आहे.

डोळे पण उघडे ठेवले आहेत, पण समोरचं काही दिसून नाही राहिलं.

कन्हानच्या पोरांचा शेवटचा नमस्कार घ्या, सर.