परमिटवर भरोसा नाई

साहेबानं टेस्टर माझ्या हातातून घेतला, त्याची मूठ चिंधीनं पुसली, आणि मग स्वतःच्या हातात धरला.

सगळ्यांसमोर. वीज केंद्राच्या स्विचगियरच्या खोलीत, जिथं सगळ्या मोटरींचे स्विच अन् पॅनेल असतात, मी होती, ट्रेनी इंजिनिअर. माझ्यासोबतचे दोन ट्रेनी पोरं होते. चार इलेक्ट्रिशियन होते. 

"ए स्कॉलरशिप," साहेब म्हणाला, "तू रजिस्टर धर. अक्षर छान आहे तुझं. हत्यारं यांना हाताळू दे."

सगळे हसले. मीही हसली. त्या हसण्याची मले आजही लाज वाटते. साहेबापेक्षा जास्त स्वतःचीच चीड येते.

पहिल्या दिवशी त्यानं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मी पोंभुर्ण्याकडचं सांगतलं. मग म्हणे, "गावात घर कोणत्या बाजूला?" हा प्रश्न कोण विचारते अन् काऊन विचारते, हे आमच्या घरच्या लहान लेकरालेही कळते. त्या दिवसापासून मी स्कॉलरशिप. ते दोघं पोरं मात्र 'इंजिनिअर'.

पण मूठ काऊन पुसली? तेल लागलं होतं? का माझा हात लागला होता? मी दोन्ही बाजूनं स्वतःशी भांडली. उगाच कोणावर आळ कशाले घ्या? मग पाहाले लागली. दोन आठवडे नजर ठेवली. त्या पोरांच्या हातातून तोच टेस्टर तो तसाच घे. माझ्या हातून आला की चिंधी. तेल नव्हतं, बाप्पा.

संशय माझ्यावरही होता. मी आली की इलेक्ट्रिशियनचं बोलणं बंद. मी साहेबाचे कान भरते, असं त्यांले वाटे. त्यांच्यात मडावीभाऊ सगळ्यांत जुने. चामोर्शीकडचे, केस पिकलेले, कंत्राटी. वीस-बावीस वर्षं याच प्लांटात गेली, पण दरवर्षी गेटपास नवा काढा लागते अन् त्यावर सही साहेबाची लागते. मले म्हणत, "म्याडम, तुमी खुर्चीवर बसा न."

नाई बसली. केबल ओढल्या, बोल्ट आवळले, नाकातोंडात कोळशाची धूळ गेली. महिनाभरानं त्यांनी आपला टेस्टर माझ्या हातात देल्ला.

"पयले चालू पॅनेलले लावा. दिवा लागला? म्हंजे टेस्टर बरा हाये. मंग बंद पॅनेलले. मंग परत चालूले. अन् एवढं करूनई पयला हात उलटा लावाचा, बोटाच्या मागच्या बाजूनं. सुलट्या हातानं धराल तं करंटनं मूठच आवळते, सुटत नाई."

"परमिट असलं तरी? वीज बंद हाये असं साहेबानं सही करून देल्लं तरी?"

"परमिट कागद हाये, बाई. वायर अन् साहेब, दोघाईवर भरोसा नाई ठेवाचा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा म्याडमची बाई झाली.

मग त्या सकाळी कोळसा वाहणाऱ्या 'अ' पट्ट्याची मोटर बंद पडली. पट्टे दोन, अ आणि ब. पॅनेलही शेजारी शेजारी. स्विच समोरून बंद करायचा, केबल मागचं झाकण खोलून काढायची. अ बंद केला. ब चालू होता. वरून फोनवर फोन येऊन राह्यले होते, अन् साहेबाचा पारा चढला होता.

"परमिटवर माझी सही आहे. 'तपासलं' असं लिहिलंय. आता टेस्टरचं नाटक नको. हात चालव."

मडावीभाऊनं मागचं झाकण खोललं. झाकणावर ठळक 'अ' लिहिलेलं. त्यांनी टेस्टरकडे पाह्यलं, मग साहेबाकडे. मले वाटलं, आता हा माणूस नाई म्हणेल. पण तो नाई म्हणालाच नाई. पान्हा घेऊन हात आत घालाले लागला.

"थांबा भाऊ!"

मी ओरडली. टेस्टर उचलला. आधी चालू पॅनेलले लावला, दिवा लागला. मग या झाकणाच्या आत लावला.

लागला.

पॅनेलले नुकताच रंग देल्ला होता. रंगवाल्यांनी मागची झाकणं काढली अन् लावताना अदलाबदल केली. 'अ'च्या झाकणामागं 'ब' होता, जिता.  मडावीभाऊच्या हातातून पान्हा सुटत नव्हता.

 साहेबानं एकाले झाकणं जागच्या जागी लावायले सांगतलं. अन् मले म्हणाला, "रजिस्टर घे. लिही. इलेक्ट्रिशियनने चुकीचं झाकण उघडलं."

एवढ्या लवकर! माणूस मरता मरता वाचला, अन् याचं डोकं पहिले तिकडे धावलं.

"नाई लिहीत," मी म्हटलं.

"तुझ्या ट्रेनिंगचा रिपोर्ट मीच देणार आहे. विचार कर."

विचार केला. आधी मोबाईल काढला आणि झाकणं हलायच्या आत फोटो घेतले. मग रजिस्टरात लिहिलं. झाकणं बदललेली होती. परमिटवर तपासल्याची सही होती, तपासलं नव्हतं. टेस्टर लावू देल्ला नाई. कोणी थांबवलं, कोणी सही केली, सगळं. पानाचाही फोटो घेतला, कारण हे पान टिकणार नाई अशी मले खात्री होती. एक प्रत सेफ्टीच्या ऑफिसात देऊन पोच घेतली.

मडावीभाऊ मागून आले. "बाई, माह्यापायी नोका करू. तुमची नोकरी जाईन."

पटकन मनात आलं, यांले कोणी पाठवलं तर नाई? असा विचार आला म्हणून वाईट वाटलं. पण आला. इथी राहून अशीच झाली मी.

सोमवारी चौकशी आहे. मडावीभाऊचा गेटपास ऑफिसात जमा करून घेतला आहे. आई फोनवर म्हणते, "पोरी, नोकरी पक्की होऊ दे, मंग बोल." आई, पक्की झाल्यावर बोललेला एकही माणूस मी इथी पाह्यला नाई. काल त्या दोन पोरांपैकी एक आला, लाडीगोडी लावत. साहेबाचा निरोप होता. 'गैरसमज झाला' एवढं लिहून दे, तुझा रिपोर्ट चांगला जाईल.

मी त्याले चहा पाजला अन् परत पाठवलं.

सोमवारी मी जाणार आहे. समोर कितीही जण बसोत. पान मी लिहिलं, डोळ्यानं पाहून लिहिलं. मले ठेवा नाई तर काढा. तुमची चूक मडावीभाऊच्या नावावर मी लिहिणार नाई.