जागा सांगायची नाही

देल्फिना एबुएंगाच्या रेडिओवर एकच नियम होता. नाव सांगायचं, निरोप सांगायचा, जागा सांगायची नाही.

मनिलापासून दूर, झांबालेसच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात रेडिओ स्टेशन म्हणजे काय, तर मासळीबाजारामागची एक खोली, एक माइक आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. उजाडताना कोळणी पावाची गरम पुडकी घेऊन त्या खिडकीशी यायच्या आणि दर्यावर गेलेल्या नवऱ्यांसाठी सांगावा द्यायच्या. "आमच्या माणसाला सांग, धाकटीचा ताप उतरला." "आमच्याला सांग, माझी आई राहायला आलीय, तू सावकाश आलास तरी चालेल." देल्फिना हसू दाबून ते हवेवर सोडायची, आणि तिकडे बोटीवर गडी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायचे. फोनची रेंज किनाऱ्याजवळच दम तोडते. हिचा आवाज मात्र भर दर्यातल्या मोठ्या खडकापर्यंत पोचायचा.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई वारली तेव्हा धाकटा भाऊ सातुर रांगत होता, त्याला हिनेच कडेवर वाढवला. सगळं गाव तिला मानांग म्हणायचं, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयाने मोठे म्हातारेसुद्धा म्हणायचे, आणि ती त्यांना थोरल्या बहिणीसारखीच झापायची.

नियमाला कारण होतं. मोठ्या खडकाभोवती शेजारच्या देशाची पांढरी जहाजं ठाण मांडून बसली होती. शेजारी म्हटलं की कोण, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. खडकाच्या कड्याआत मासळीचं पाणी, आणि तिथे शिरायला कड्याला तोंडासारख्या फटी; आमच्या बोटी जहाजांचा डोळा चुकवून त्यांतून आत शिरायच्या. कोण कुठल्या फटीतून शिरला हे बायकांना ठाऊक असायचं. पण रेडिओ काय, सगळेच ऐकतात.

मग निवडणूक आली. मनिलातल्या वाहिन्यांना आमचा दर्या सहा वर्षांतून एकदा आठवतो, राष्ट्राध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा. निवृत्त जनरल ओलिवारेस म्हणत होते, "खडकावर झेंडा रोवीन." सिनेटर तांचोकोबाई म्हणत होत्या, "शेजाऱ्याशी वाकडं घेतलं तर आपली केळी कोण घेणार?" एकाने झेंडा फडकवायचा, दुसरीने केळी मोजायची, आणि मासे कोण धरतो याची कोणाला पडलेली नाही.

देल्फिना मनिलाच्या एका वाहिनीला अधूनमधून बातम्या पाठवायची. पूर, बस उलटली, असलं काहीबाही. त्या आठवड्यात तिथला रेंझो नावाचा मुलगा सारखा फोन करायला लागला.

"मानांग, उद्या संध्याकाळी दोघांची समोरासमोर चर्चा. विषय परराष्ट्र धोरण. तज्ज्ञ पोत्याने आहेत माझ्याकडे. मला माणूस पाहिजे."

"माणसं दर्यात आहेत बाबा."

"मग त्यांच्या बायकांचा आवाज तरी द्या. मानांग, तुमच्याशिवाय कोण देणार?"

देल्फिनाला ते पटलं. तिला खरंच वाटलं, या बाया रोज काय गिळून खिडकीशी उभ्या राहतात, हे एकदा देशाने ऐकावं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन रेकॉर्डिंगला लावून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. बायांना सांगितलंही, मनिलाला पाठवणार आहे म्हणून. सातुरची बायको मेर्लिंडा केस सारखे करत पुढे आली.

"मानांग, तुझ्या भावाला सांग, बर्फ घेऊन जोसेलितोची बोट येतेय. दक्षिणेच्या तोंडाशीच थांब म्हणावं, घाई नको. आणि सांग, तू नसलास की भात गोड लागत नाही."

हवेवर देल्फिनाने नेहमीसारखं "ठरल्या जागी थांब" एवढंच म्हटलं. जीभ आपोआप वळण घ्यायची. पण फोनमधलं बोलणं तिने जसंच्या तसं रेंझोला धाडलं. कात्री लावायची ती परक्यांसाठी. हा तर मानांग म्हणत होता, आणि आमच्याकडे मानांग म्हणणारा घरचा होतो. त्याला ते भाताचं वाक्य आवडेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी गाव चौकातल्या दुकानासमोर टीव्ही बघायला जमलं. मेर्लिंडाचा आवाज आला तशा बायकांनी तिला कोपरखळ्या मारल्या. मग पडद्यावर नकाशा आला. खडक आला. दक्षिणेच्या तोंडावर लाल बाण येऊन थांबला आणि लुकलुकायला लागला.

"हा शूर सातुर या क्षणी तिथे उभा आहे," जनरल म्हणाले.

"त्याला तिथे ढकललं कोणाच्या भाषणांनी?" तांचोकोबाई म्हणाल्या.

तिकडे सभागृहात टाळ्या पडल्या. इकडे मेर्लिंडा वाडगा हातात घेऊन उठली.

"मानांग, जागा मी तुला सांगितली होती," ती म्हणाली आणि निघून गेली.

देल्फिनाने रेंझोला फोन लावला. "तो बाण काढ आधी."

"मानांग, अख्ख्या देशाने बघितला आता. आणि बाण दाखवल्याशिवाय लोकांना परराष्ट्र धोरण कळत नाही हो."

"मला मानांग म्हणू नकोस," ती म्हणाली.

स्टेशन उघडून ती माइकपाशी बसली. सातुर, निघ तिथून, आत्ताच्या आत्ता निघ, असं घसा बसेपर्यंत सांगत राहिली. तिला माहीत होतं, बोटीवरचा रेडिओ फक्त पहाटे लागतो. बॅटरी पुरवून वापरायची असते. तरी बोलली. माणूस दुसरं काय करणार?

पहाटे सातुरने रेडिओ लावला असेल, तर ऐकलंही असेल. पण तोवर पांढरं जहाज तोंडावर आडवं उभं होतं. उथळ बाजूने निसटायला गेला आणि बोटीचा तोल धरणारा बाजूचा वासा खडकावर मोडला. बोट उलटली. दोन गडी जोसेलितोला सापडले. सातुर सापडला नाही.

जनरलनी मेणबत्ती लावली. तांचोकोबाईंनी चौकशीची मागणी केली. कॅमेरे आले, त्यांना रडणारी बायको हवी होती, मेर्लिंडाने दार उघडलं नाही. मग तांदळाचा भाव चढला आणि मनिलाचं लक्ष तिकडे गेलं.

खिडकीशी आता कोणी येईना. कोळणी बाजारात जायच्या त्या पलीकडच्या रस्त्याने. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. देल्फिना पहाटे येऊन बसायची, गाणी लावायची, आणि गाण्यामागे गाणं संपत जायचं. भाऊ आपण घालवला, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी खिडकीत सावली पडली. मेर्लिंडा होती. केस विंचरलेले नव्हते.

"सांगावा आहे," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"सातुरसाठी. आणि त्या बाजूला जाणाऱ्या सगळ्या बोटींसाठी. त्यांनी बघत जावं म्हणावं. सदरा निळा होता. आणि जागा सांग. या वेळी नीट सांग. आता कोणापासून लपवायची?"

देल्फिनाने गाणं बंद केलं. नाव सांगितलं, सदऱ्याचा रंग सांगितला. जागेपाशी जीभ सवयीने अडली. मग तिने सांगितलं, दक्षिणेचं तोंड, उथळ बाजू. पुन्हा एकदा सांगितलं. आवाज फुटला तरी थांबली नाही.

मेर्लिंडाने कठड्यावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"उद्या परत सांग," ती म्हणाली.