पुढच्या सीटवरची टोपी

मावळात भाताची खळी लागली, बैल गोल फिरू लागले की माझी मान आपोआप वर आभाळाकडे जाते. घरातले हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा पाखरं बघतोय. मी पाखरं बघत नसतो, मला एक केस आठवत असते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण सगळ्यात जास्त अभिमान मला या एका लहानशा केसचा वाटतो. तिच्यात ना खून होता ना दरोडा.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी मावळातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. सोमाटण्याच्या पलीकडे मोठा माळ होता आणि त्यावर विमान चालवायला शिकवणारी एक खाजगी शाळा होती. पत्र्याची एक शेड, दोन छोटी विमानं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि एक कायम चिडलेला व्यवस्थापक, एवढाच तिचा पसारा. विमानाला डोक्यावर छप्पर नव्हतं. पुढे शिकवणारा बसायचा, मागे शिकणारा.

त्या दिवशी दुपारी टाकव्याहून एक बैलगाडी ठाण्याच्या दारात आली. गाडीत पेंढ्यावर एक म्हातारे शेतकरी पडलेले होते, सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांचा पाय मांडीपाशी मोडला होता. सोबत निम्मं गाव होतं आणि सगळे एकदम बोलत होते. मी म्हाताऱ्यांना आधी तळेगावच्या दवाखान्यात पाठवलं आणि मग एकेकाला बोलतं केलं. खळ्यावर भात मळायला बैलांची पात चालू असताना एक विमान घरांच्या कौलांना घासून जाईल इतकं खाली आलं, बैल उधळले आणि म्हातारे त्यांच्या पायाखाली गेले. हकीकत एवढीच होती.

खळ्यावर भात पाखडत असलेल्या एका मावशींनी सगळं नीट पाहिलं होतं. वाडीवरच्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत.

"किती माणसं होती विमानात?" मी विचारलं.

"दोन. येक म्होरं, येक मागं. मागच्यानं हात बी केला आमाला. आबा पडल्यावर त्येनं वळून तरी पायलं. म्होरची बाई मातुर जागची हालली न्हाई!"

"बाईच होती कशावरून?"

"समदी म्हनत्यात, थितं बाईच शिकीवती. आमी येवढी बोंब ठोकली सायेब, पर तिनं मान म्हून वळवली न्हाई. आलं तशी नाकासमोर गेली. टोपडं हुतं डोक्याला, त्येचं येकच कान फडफडत हुतं. काळीज हाय का दगुड?"

मी जबाब शब्दशः लिहून घेतला, अंगठा घेतला आणि बेदरकारपणे जबर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला. आरोपीच्या रकान्यात अजून नाव लिहिलं नव्हतं. ते नाव गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

शाळेत खरंच एक बाई शिकवायच्या. वय चाळिशीचं, अंगात पँट-शर्ट, वेणी घट्ट बांधून कॉलरमध्ये खोचलेली. त्या शाळेच्या नोकर नव्हत्या. विमान शाळेचं, माळ शाळेचा, पण विद्यार्थी बाईंचे. तासाप्रमाणे शिकवायच्या आणि कुणाला शिकवायचं, कुणाला नाही, ते स्वतः ठरवायच्या. अशा माणसाचं भांडवल म्हणजे त्याचं नाव आणि हातातला परवाना. गुन्हा शाबित झाला असता तर दोन्ही गेलं असतं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायला कुणी नव्हतं. व्यवस्थापकानं तर पहिल्याच वाक्यात हात झटकले. "त्यांचा आमच्या संस्थेशी संबंध नाही. त्यांना विमानात चढताना मी पाहिलंय, हवं तर लिहून देतो."

बाईंना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"मी विमानात नव्हते," त्या म्हणाल्या.

"चढताना पाहिलंय तुम्हाला."

"चढले होते. त्याच्याबरोबर माळाभोवती एक फेरी मारली. मग माळाच्या पार टोकाला, चढावाच्या पलीकडे उतरले आणि त्याला एकट्याला पाठवलं. पहिल्यांदा एकट्यानं पाठवायचं ते असंच. आधी सांगितलं तर पोरं रात्रभर झोपत नाहीत. वाळूचं पोतं घेऊन दोन विद्यार्थी तिथे उभे होते. माझ्या सीटवर वजन लागतं, नाहीतर विमानाचा तोल बदलतो. त्यांना विचारा."

त्या दोघांना मी आधीच विचारलं होतं. आम्ही तिकडे फिरकलोच नाही, असं दोघांनी सांगितलं होतं. हे मी बाईंना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

"तो मुलगा तयार होता का?" मी विचारलं.

"हात तयार होता. डोकं तयार नव्हतं, आणि ते मला ओळखता आलं नाही. तेवढं माझ्या नावावर लिहून घ्या. बाकीचं लिहू नका, कारण ते खोटं आहे."

माणूस खोटं बोलताना स्वतःला सोयीचं तेवढं बोलतो. ही बाई स्वतःविरुद्धचं आधी सांगत होती. पण माझा विश्वास कोर्टात पुरावा होत नाही. मावशींनी पुढच्या सीटवर माणूस पाहिला होता आणि मावशी खोटं बोलत नव्हत्या, हेही मला तितकंच पक्कं ठाऊक होतं. साक्षीदार काय म्हणाला हे संशयिताला सांगायचं नाही हा आमचा शिरस्ता, त्यामुळे पुढच्या सीटवर कुणी दिसल्याचं बाईंना मी कळू दिलं नव्हतं.

विमान उडवणारा मुलगा लोणावळ्याला वडिलांच्या बंगल्यावर होता. वडील बडं प्रस्थ. दिवाणखान्यात मुलाआधी तेच बोलू लागले. मुलगा चांगला उंचापुरा, पण डोळे जमिनीवर. "बाईंनीच खाली घेतलं, मी नुसता बसलो होतो," एवढंच तो घोकल्यासारखं म्हणत राहिला. टाकव्याला का गेलात, असं विचारलं तरी तेच. खरं उत्तर मला दुसरीकडून मिळालं. गावाला लागून त्याच्या वडिलांचं कोंबड्यांचं फार्म होतं आणि त्या दिवशी तिथे त्याचे मित्र जेवायला जमले होते. हातात विमान आलेल्या कोवळ्या पोराला पहिली हौस कसली असेल, तर आपल्या माणसांच्या डोक्यावरून ते खाली नेऊन दाखवायची.

मी ठाण्यात परत आलो तर फोन वाजत होता. वरच्या एका साहेबांचा होता. बाईंच्या नावावर कागद पुरे करा, उगाच ताणू नका, अशा अर्थाचं बोलणं झालं. मी नम्रपणे विचारलं, "साहेब, हा आदेश स्टेशन डायरीत आपल्या नावानिशी नोंदवून घेऊ का?" पलीकडून फोन ठेवला गेला. ठाणे अंमलदार माझ्याकडे बघतच राहिले. खरं सांगतो, त्या प्रश्नाचा मला आजही अभिमान आहे.

खबर आली ती चहाबरोबर. आमचे हवालदार सोमाटणे फाट्यावरच्या हॉटेलात बसले असताना मालक कुरकुरला, "भाऊ, त्या इमानाच्या शाळंतल्या पोरांनी पेढं सांगितलं, न्यायला कुनी आलंच न्हाई. पार वाळून गेलं."

"पेढे कशाचे?"

"कुनी येकटा उडाला की वाटत्यात. त्यांची रीतच हाय तशी. आबा पडलं त्या दिशी सकाळीच दोघं पोरं सांगून गेली हुती."

हवालदार अर्धा चहा टाकून ठाण्यात आले. त्या दोघांनी सकाळीच पेढे सांगितले, म्हणजे त्या दिवशी कुणीतरी एकटा उडणार हे त्यांना ठाऊक होतं आणि ते खोटं बोलत होते. पण मग पुढच्या सीटवर कोण होतं?

मी पंच घेऊन माळावर गेलो. वाळूचं पोतं पाहायचं होतं. शेडच्या कोपऱ्यात ते पडलं होतं, जाड कॅनव्हासचं, तोंड आवळून मोठी गाठ मारलेलं. शेजारच्या खोक्यात चिंध्या, दोऱ्या आणि तळाशी चामड्याची एक जुनी टोपी होती. तिला एकच कान होता. दुसरा कधीच तुटून गेला होता. मी ती टोपी पोत्याच्या गाठीवर ठेवून पाहिली. पंचांपैकी एकजण नकळत दोन पावलं मागे सरला.

मग मी आयुष्यातली एक वेगळीच ओळखपरेड घेतली. शाळेतल्या पाच टोप्या ठाण्यातल्या बाकावर मांडल्या. त्यांत बाईंची धड टोपीही होती. पंचांसमक्ष मावशींना आत बोलावलं. त्यांनी चार टोप्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट एककानी टोपी उचलली.

"ह्येच ते टोपडं," त्या म्हणाल्या. "आता त्ये डोस्कं दावा."

पंचनामा पुरा केला, सह्या-अंगठे घेतले. मग हवालदारांनी पोतं बाकावर आणून ठेवलं आणि मी त्यावर टोपी चढवली. मावशींनी पुढे होऊन टोपीचा एकुलता कान चाचपला. मग कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या. "आगं बया! वाळूला काय मान वळवाया येती? आन आमी त्या बाईला तळतळाट दिला!"

एवढं झाल्यावर त्या दोन विद्यार्थ्यांना फार विचारावं लागलं नाही. धाकटा तर रडायलाच लागला. "साहेब, पहिल्यांदा एकटं जाणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून आम्ही पोत्याला टोपी बांधतो. गुरू सोबत आहेत असं मानायचं. बाई वारा बघायला लांब कापडी नळीपाशी जातात तेवढ्यात बांधतो आणि उतरल्यावर त्या पोचायच्या आत काढतो. त्यांना हे माहीत नाही."

"मग पहिल्यांदा खोटं का बोललात?"

"त्याच्या वडिलांचा निरोप आला होता."

मुलाला ठाण्यात बोलावलं. माझ्या टेबलावर टोपी होती. तो आत आला, त्यानं टोपी पाहिली आणि त्याचे खांदे पडले. मी आवाज चढवला नाही.

"विमान कुणी खाली घेतलं?"

"मी." मग टोपीकडे बघत म्हणाला, "आबांचा पाय बरा होईल ना?" त्या प्रश्नानं मला त्याची थोडी कणव आली. आरोपपत्र मात्र त्याच्याच नावानं गेलं. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा घेतली.

बाई निर्दोष ठरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या टाकव्याला गेल्या. मीही सोबत होतो. मावशी पुढे झाल्या. "बाई, आमी तुमास्नी लय वंगाळ बोललो."

बाईंनी त्यांचा हात धरला. "मावशी, त्याला पाठवलं मीच. मी आबांना भेटायला आलेय." पुढच्या हंगामापर्यंत त्या येत राहिल्या. आबा काठी टेकत खळ्यावर आले, त्या दिवशी बाई पाखडणीला बसल्या होत्या. सूप त्यांना अजिबात धरता येत नव्हतं आणि अख्खं खळं हसत होतं.

शाळेनं मागाहून त्यांना पगारी नोकरी देऊ केली. त्यांनी नाकारली. असल्या माणसाचा परवाना आपल्या हातून वाचला, याचा मला पदकापेक्षा जास्त आनंद झाला.

माझी बदली व्हायच्या आधी त्यांनी मला एकदा माळावर बोलावलं. एक नवा विद्यार्थी पहिल्यांदा एकटा जाणार होता. पुढच्या सीटवर पोतं नीट आवळून बांधलं होतं, वर काही नव्हतं. बाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "समोर बघ. मी तिथे नाही. जे करशील ते तू करशील." विमान उठलं, माळाभोवती फिरून सरळ उतरलं. पोरगा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्या दिवशी पेढे ताजे मिळाले.

केस निकाली निघाल्यावर मुद्देमालातली ती टोपी शाळेला परत गेली होती. निरोप घेताना बाईंनी ती मला दिली. पुढच्या प्रत्येक ठाण्यात ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली. वरून फोन यायचे, पुढेही येत राहिले. कुणी म्हणायचं याला सोडा, कुणी म्हणायचं त्याला अडकवा. मी "हो साहेब" म्हणत ऐकून घ्यायचो आणि खण उघडून टोपीकडे बघायचो. पुढच्या सीटवर कुणी नसतं, हे ती सांगायची. मग कागद पुढे ओढायचो, जे खरं होतं ते लिहायचो आणि खाली सही करायचो. ती सही माझी होती.